मुकादमचा डावा पाय

ता. ८ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं पत्र मिळालं. बाळंतपणाच्या तोंडावर भाचीचे पाय सुजताहेत हे वाचून काळजी वाटली, पण तू तिथे आहेस म्हणजे ती निम्मी बरी झालीच असं धरून चालतो. फोन केला असता, पण गेल्या खेपेला मी ‘मुकादम जेवला’ म्हणालो आणि तू ‘कोण गेला’ म्हणून रडायला लागलीस. तुझ्या कानांची सोय होईपर्यंत पत्रच बरं.

तुझा मुकादम आमच्याकडे रुळला. पहिले दोन दिवस दाराकडे तोंड करून बसला होता. आता घरभर फिरून कोण काय करतंय याची पाहणी करतो. नाव ठेवलंस ते अगदी शोभतं. हिच्या मते घरात आता दोन मुकादम झाले, पण त्यातला एक निदान गप्प असतो.

एक गंमत सांगतो. संध्याकाळी मी चष्म्याचं दुकान बंद करून घरी येतो, तेव्हा अंगातला पांढरा कोट काढायच्या आत हा माझ्यासमोर येऊन बसतो आणि डावा पंजा पुढे करतो. मी तो हातात घेऊन हलवतो. तेवढा वेळ तो लाजल्यासारखी मान पलीकडे वळवतो, आणि मी सोडेपर्यंत पाय मागे घेत नाही. हे फक्त माझ्यासाठी. हिने तीनदा हात पुढे करून पाहिला, तर हिच्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. मला कुत्र्यामांजरांचा नाद नाही हे तुला ठाऊक आहे, पण आता दिवसातून दोन गिऱ्हाइकांना तरी मी ही गोष्ट ऐकवतो. त्या पायावरची दोन बोटं रुंद जागा, फाटकात अडकून खरचटली म्हणालीस ती, भरून येते आहे. बारीक केस उगवलेत.

आता कामाचं. मागच्या उजव्या पायाने तो जरा लंगडतो. वय झालंय हे खरं, पण एकदा दाखवून ठेवावं म्हणतो. इथे जवळपास तीन दवाखाने आहेत. एक पाण्याच्या टाकीजवळच्या डॉक्टरीणबाईंचा, घरापासून चालत सात मिनिटं. दुसरा बस डेपोच्या पलीकडे, नवीन, काचेचा. तिसरा सायकलच्या दुकानावर, पण तिथला जिना चढताना माझीच छाती भरून येते, मग हा कसा चढणार. मला टाकीजवळचा सोयीचा वाटतो. तू त्याला कुठे नेत होतीस? त्याची लसीची वही कुठे ठेवली आहेस तेही कळव.

भाचीला आशीर्वाद. तुझा लोभ आहेच, त्यात मुकादमने वाटा मागू नये एवढीच विनंती.

तुझा,
बारक्या

ता. क. वन्सं, ह्यांच्या पत्रात जागा उरली म्हणून दोन ओळी. कुत्र्याशी हात मिळवायला मिळावा म्हणून हे आता वेळेवर घरी येतात. एवढ्या वर्षांत मला हे जमलं नव्हतं. तुमची भावजय.

*

ता. १३ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इथे सगळं ठीक आहे. तुझ्या भाचीला डॉक्टरांनी पाय उंच ठेवून पडून राहायला सांगितलंय, आणि ती तुझ्यासारखीच ऐकणारी नाही. जावई ऑफिसातून येताना रोज काहीतरी विसरून येतात, मग मी बाहेर पडते. तेवढंच माझं फिरणं.

दवाखान्याचं म्हणशील तर डेपोपलीकडच्या काचेच्या ठिकाणीच ने. टाकीजवळच्या बाईंकडे मुळीच नेऊ नकोस. बाई तिरसट आहेत. तासन् तास बसवून ठेवतात आणि वर आपल्यालाच बोल लावतात. बाकावर कुत्री आणि मांजरं शेजारी शेजारी. शेजारणीचा बोका तिथे नेला होता, तो घरी आल्यावर आठ दिवस कपाटाखाली होता. जवळ आहे म्हणून मोहात पडू नकोस. सात मिनिटांच्या जागी वीस मिनिटं गेली तर काय बिघडलं.

मुकादमला मला फारसं कुठे न्यावं लागलं नाही. लस टोचायला एक जण घरी यायचा, तो आता गाव सोडून गेला. वही बहुधा माळ्यावरच्या ट्रंकेत गेली, ती मी आल्याशिवाय सापडायची नाही. वयाच्या मानाने तो ठणठणीत आहे. कुणी विचारलं तर तसंच सांग. पाणी जरा जास्त पितो, ती त्याची सवयच आहे. वाडगा भरलेला ठेव.

पंजा देतो हे वाचलं आणि पत्र थोडा वेळ बाजूला ठेवलं. तसं काही मी त्याला शिकवलं नव्हतं. पण त्याला तुझा लळा लागला असेल तर चांगलंच आहे. संध्याकाळी त्याला थोडं उन्हात बसव.

वहिनीला सांग, गप्प असणाऱ्या मुकादमावर जास्त लक्ष ठेव. दोघांवर माझी माया आहे ती तशीच राहील, तुम्हीही ठेवा.

तुझी,
ताई

*

ता. १९ मार्च

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली. काल दुपारी दुकान दोन तास बंद ठेवून मुकादमला डेपोपलीकडे नेलं. काय तो दवाखाना. फरशीत तोंड दिसेल. भिंतीत माशांची टाकी, कुत्र्यांना बसायला वेगळा कोपरा, आणि सगळ्यांच्या अंगात हिरवे डगले. मुकादम सगळीकडे शांतपणे पाहत राहिला, आपण भलत्याच लग्नाला आलो आहोत अशा चेहऱ्याने. डॉक्टर तरुण आहे, आदबीने बोलतो. त्याला मी हस्तांदोलनाची गोष्ट सांगितली आणि मुकादमला पंजा द्यायला सांगितलं, पण स्वारी हलली नाही. तोंडघशी पाडलं मला.

आधी एक अर्ज भरायचा होता. आधीचे आजार, चालू औषधं, नेहमीचे डॉक्टर. मला ही पद्धत पटली. मीदेखील जुना चष्मा पाहिल्याशिवाय नवा देत नाही. लोक सांगतात की कधी चष्मा लावलाच नाही, आणि नाकावर दोन्ही बाजूंना खळगे असतात. मी हसतो आणि म्हणतो की तुमचं नाक वेगळं सांगतंय. तेव्हा मी सगळं नीट लिहिलं. आजार नाही, औषध नाही, आणि दोन्हींखाली रेघ मारली. पायावरचे केस का काढले, असं डॉक्टरने विचारलं. मी फाटकाचं सांगितलं. एकदा रक्त तपासून घेऊ म्हणाला. मी म्हटलं, माझी बहीण तीस वर्षं शाळेत मास्तरीण होती, तिच्या हातून काही नजरेआड होत नाही, उगाच सुई कशाला. त्याने ऐकलं.

सांधा धरलाय म्हणे. दुखणं कमी व्हायला सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात, सकाळ संध्याकाळ. कालपासून सुरू केल्या. आज सकाळी तो चक्क अंगणात दोन उड्या मारून आला. तू सुचवलेला दवाखाना उत्तम निघाला, तुझ्या शब्दाबाहेर जाण्यात अर्थ नसतो.

भाचीची काय खबर? पत्राची वाट पाहतो. आशीर्वाद असू दे.

तुझा,
बारक्या

*

ता. २४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

घाईत लिहिते. काल पहाटे नातू झाला. दोघंही सुखरूप आहेत. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला इलाज नाही.

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. त्या गोळ्या सात दिवस कशाला, तीन दिवस पुरे. उड्या मारतोय म्हणतोस तर बंदच कर. आणि पाणी भरपूर पाज. औषधांनी उगाच पोट बिघडतं म्हणून सांगते, दुसरं काही नाही.

बाळ रडतंय, इथेच थांबते. लोभ ठेव.

तुझी,
ताई

*

ता. २९ मार्च

ताईस,
नमस्कार.

नातू झाल्याचं कळलं. भाचीला आणि बाळाला आशीर्वाद. बाळंतिणीच्या कानावर यातलं काही जाऊ नये म्हणून तिच्या नवऱ्याला फोन केला नाही. हे पत्र एकटीने वाच.

गोळ्या बंद कर म्हणणारं तुझं पत्र काल, बुधवारी आलं. गोळ्या शनिवारी रात्री संपल्या होत्या. एकही चुकवली नाही. कुत्रा सोपवताना तू बजावलं होतंस ना, मी जनावरांच्या बाबतीत निष्काळजी आहे म्हणून.

शनिवारीच त्याने खाणं सोडलं होतं. रविवारी सकाळी तीनदा ओकला आणि आडवा पडला. तोंडाला वास येत होता. काचेचा दवाखाना रविवारी सकाळी बंद असतो. ही म्हणाली की वन्सं काही म्हणोत, टाकीजवळ न्या. मी त्याला घोंगडीत गुंडाळून उचलला आणि चालत निघालो. टाकीच्या वळणावर तो धडपडू लागला म्हणून खाली ठेवला. तर हा उभा राहिला आणि मला ओढत पुढे निघाला. वाट मी दाखवली नाही. फाटक त्याने नाकाने उघडलं. आत जाऊन वजनाच्या काट्यावर स्वतः चढला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आतून कंपाउंडर आला. त्याने मुकादमला नावाने हाक मारली आणि सव्वा महिना कुठे गायब होतास म्हणून विचारलं.

मी म्हटलं, तुमचा काही घोटाळा होतोय, हा इथे कधी आलेला नाही. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. अंगात पांढरा कोट. मुकादम काट्यावरून उतरला, त्यांच्यासमोर बसला, डावा पाय पुढे केला आणि मान पलीकडे वळवली.

बाईंनी पाय हातात घेतला आणि शीर चाचपली.

ताई, तेव्हा मला कळलं की एक महिना मी रोज संध्याकाळी काय करत होतो. तो मला डॉक्टर समजत होता. रोज सुई खुपसून घ्यायला पाय पुढे करत होता, आणि मी तो हलवून लोकांना सांगत सुटलो होतो की याला माझा लळा लागलाय.

बाईंनी कार्ड काढलं. पिवळं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. मूत्रपिंडं निकामी होत चाललीत, जानेवारीअखेरपासून एक दिवसाआड सलाईन, अकरा खेपा. खाली लाल शाईत लिहिलंय की दुखण्यावरच्या गोळ्या अजिबात देऊ नयेत, मालकिणीला समजावून सांगितलं. त्यापुढे तुझी सही. खाली दोन टिंबं देतेस ती, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बाबांच्या जागी करायचीस ती सही मी कुठेही ओळखेन.

त्याखाली एकच नोंद आहे. २० फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ, कायमचं झोपवण्यासाठी. आणि पुढे, आले नाहीत.

२० फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता तू माझ्या दारात उभी होतीस. त्याचा वाडगा, घोंगडी आणि तो. डोळे लाल झाले होते. गाव सोडून जातेस म्हणून असतील असं मला वाटलं, आणि मी तुला हसवायला काहीतरी बोललो.

बाईंनी मला दोन प्रश्न विचारले. गोळ्या कुणी दिल्या, आणि आजार का लपवला. त्या तिरसट नाहीत, ताई. माझ्यासाठी पाणी मागवलं त्यांनी. काचेच्या दवाखान्यातल्या पोराचाही दोष नाही. तो रक्त तपासतो म्हणत होता. मीच तुझ्या नावाची शपथ घेतल्यासारखं त्याला थांबवलं. दिवसभर लोकांच्या नाकावरचे खळगे वाचणारा मी, मला त्या पायावरची भादरलेली जागा दिसत होती आणि मी फाटकावर विश्वास ठेवला.

आजारी कुत्रा गळ्यात घातलास याचा मला राग नाही. पण कुठल्या दवाखान्यात जाऊ हे मी तुला विचारलं, आणि जिथे खरं कळलं असतं तेवढं एकच दार सोडून तू मला दुसरीकडे पाठवलंस. त्याला केसाने गळा कापणं म्हणतात. तो नुसता माझा कापला असतास तर मी बोललो नसतो.

दोन्ही वेळचं सलाईन चालू आहे. आठ दिवसांनी सांगता येईल म्हणतात.

बारक्या

*

ता. ३ एप्रिल

चि. बारक्या,

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. मी नाही म्हणणार नाही.

जानेवारीत कळलं. बाईंनी सांगितलं की सलाईन चालू ठेवलं तर थोडे महिने जातील, नाहीतर त्याला त्रासातून सोडवा. इकडे लेकीचे दिवस भरत आले होते. जावयांच्या इमारतीत कुत्रा ठेवू देत नाहीत. मी वीस तारीख घेतली. त्या दिवशी साडेनऊला त्याला टाकीजवळ घेऊन गेले, वाडगा आणि घोंगडीही तिथेच देऊन टाकायला बरोबर घेतली होती. काट्यावर तो आपणहून चढला. आतल्या दारातून पाठमोरा पांढरा कोट नुसता दिसला, तर याने पाय पुढे केला. आपल्याला कशाला आणलंय हे त्याला माहीत नव्हतं, नेहमीसारखा शहाण्यासारखा वागत होता. मी तशीच मागे फिरले. पायऱ्या उतरल्यावर कुठे जावं ते सुचेना, आणि तुझं घर सात मिनिटांवर होतं.

खरं का सांगितलं नाही? तू नऊ वर्षांचा असताना आपलं कुत्रं गेलं, तेव्हा तू चार दिवस अन्नाला शिवला नाहीस आणि पाचव्या दिवशी सांगितलंस की पुन्हा आजारी जनावराला हात लावणार नाही. आजारी आहे म्हटलं असतं तर तू त्याला घेतला नसतास. मला वाटलं, सुयांशिवाय त्याचे दोन महिने उन्हात बसून जातील आणि एक दिवस तू कळवशील की म्हातारपणाने गेला. मीही तसंच मानलं असतं. बाईंकडे गेलास तर सगळं उघडं पडेल, म्हणून त्यांना नावं ठेवली.

पण गोळ्यांचं वाचलं त्या दिवशी मला सगळं लिहिता आलं असतं. मी बाळंतिणीच्या उशाशी बसून पानभर लिहिलंही होतं. ते फाडलं आणि तुला मिळालं ते लिहिलं. याला माझ्याकडे कारण नाही. तुझ्या नजरेतून उतरायची भीती वाटली, एवढंच.

जावई सोसायटीच्या लोकांशी बोललेत. महिनाभर ठेवू देतील. पंधरा तारखेला मी येते आणि त्याला घेऊन जाते. तुझ्यावर आणखी ओझं नको. तू हो म्हण.

आशीर्वाद कुठल्या तोंडाने लिहू. तरी ते आहेत.

ताई

*

ता. ९ एप्रिल

ताईस,
नमस्कार.

मुकादम इथून कुठेही जाणार नाही. एवढा प्रवास त्याला झेपणार नाही असं बाईंचं म्हणणं आहे, आणि झेपला असता तरी मी पाठवला नसता.

परवा रक्त पुन्हा तपासलं. गोळ्यांनी जे गेलं ते परत येणार नाही. जे उरलंय त्यावर उन्हाळा निघेल असं वाटतं, पावसाळ्याचं त्या बोलत नाहीत. सलाईन आता दिवसातून एकदा. मी सकाळी नेतो आणि मग दुकान उघडतो. काचेच्या दवाखान्यातही जाऊन आलो. माझा अर्ज मागून घेतला, रेघा मारलेल्या दोन्ही ओळी खोडल्या आणि खरं लिहून दिलं. त्या पोराने मला खुर्ची दिली.

टाकीजवळच्या कार्डावर मालकाच्या रकान्यात तुझं नाव होतं. त्यावर काट मारून माझं घातलं. बाईंनी विचारलं की बहिणीला कळवू का. मी म्हटलं, मी कळवतो. हे कळवलं.

चार दिवस अन्नाला शिवलो नाही हे तुझ्या लक्षात राहिलं. पाचव्या दिवशी मी तसं का म्हणालो ते राहिलं नाही. कुत्रा मेला म्हणून नव्हे. तो मेला हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि चार दिवस तुम्ही मला तो फिरायला गेलाय म्हणून सांगत होता. तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस.

यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी ये म्हणत नाही, येऊ नकोसही म्हणत नाही. बाळाला जप. लोभाचं नेहमी लिहितो ते या खेपेला लिहीत नाही.

बारक्या

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय, म्हणून ह्यांच्या नकळत लिहिते. हे पांढरा कोट आता दुकानातच ठेवून येतात. पहिले पाच दिवस मुकादम ह्यांच्यासमोर येऊन बसलाच नाही. हे दारात उभे राहायचे, तो नुसतं पाहायचा. जेवताना ह्यांचा चेहरा पडलेला असायचा. काल संध्याकाळी हे चप्पल काढायला खाली बसले, तर तो उठून आला आणि ह्यांच्या दोन्ही पायांवर आडवा पसरला. पाय पुढे केला नाही. हे अर्धा तास तसेच दारात बसून होते, चहा मी तिथेच नेऊन दिला.

तुम्ही या. हे बोलणार नाहीत, पण फाटक उघडं असेल. फक्त येताना पांढरं काही घालू नका, तो तुमच्यासमोरही पाय पुढे करील, आणि ते ह्यांना पाहवणार नाही.